हेकरूचा खडक आणि पांझरेचा फड

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे समुद्रातील एका माशाचा प्रश्न मांडावयाचा, हे कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. कापसाचा भाव, केळीची नासाडी, गिरणेचे कोरडे पात्र, यंत्रमागावरील मजुरी, वनजमिनीचे रखडलेले दावे हे सारे प्रश्न दाराशी उभे असताना कोकणच्या किनाऱ्यावरील खडकांत राहणाऱ्या हेकरूची चिंता आपण कशासाठी वाहावी? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे.

उत्तर दुहेरी आहे. महाराष्ट्राच्या समुद्रात किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत मासेमारी कोणी, कशी आणि केव्हा करावी हे ठरविण्याचा अधिकार राज्याचा आहे. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम मुंबईच्या विधिमंडळाने केला आणि २०२१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली, तीही राज्याच्याच अधिकारात. विधानसभेच्या २८८ जागांपैकी ११ जळगाव जिल्ह्यात आणि ५ धुळे जिल्ह्यात आहेत. म्हणजे ज्यांच्या मतदारसंघाला समुद्राचा वारासुद्धा लागत नाही असे सोळा प्रतिनिधी कोकणच्या मच्छीमाराच्या कायद्यावर हात वर करतात. ह्या प्रश्नावर आम्हांला मत नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला उरत नाही. मत दिले जातच असते. ते विचारपूर्वक दिले जावे, एवढेच काय ते आपल्या हाती आहे.

उत्तराचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. प्रश्न केवळ एका माशाचा नाही. जी वस्तू कोणी निर्माण केली नाही, जिच्यावर अनेकांचे पोट अवलंबून आहे आणि जी हावरेपणाने वापरल्यास सर्वांचीच संपते, तिच्यावर हक्क कोणाचा आणि तिची राखण कोणी करावी, हा तो प्रश्न आहे. समुद्रातील मासा, डोंगरावरील रान आणि नदीतील पाणी ह्या तिन्हींच्या बाबतीत तो एकच आहे. पाण्यापुरते त्याचे एक उत्तर खानदेशाने काही शतकांपूर्वी शोधून काढले होते. ते उत्तर कोकणाला सांगण्यासारखे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

म्हातारा होऊ दिला तरच टिकणारा मासा

हेकरू हे एका माशाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. कोकणात त्याला हेकरू म्हणतात, कोठे गोब्रा म्हणतात. आखाती देशांत नोकरीस गेलेले आपले लोक त्याच्या एका जातीला हमूर म्हणून ओळखतात आणि निर्यातीच्या कागदांवर तो रीफ कॉड ह्या नावाने वावरतो. आडदांड शरीर, रुंद जबडा, पुढे आलेला खालचा ओठ आणि अंगावर ठिपके किंवा पट्टे, असे त्याचे रूप असते. बांगड्यासारखा तो थव्याने भटकत नाही. खडकातील एखादी कपार धरून तो राहतो, भक्ष्य जवळ येईपर्यंत दबा धरतो आणि तोंड उघडताच पाण्याच्या लोंढ्यासह त्याला आत ओढून घेतो. ज्या कपारीत आज तो दिसला तेथेच तो पुढल्या वर्षीही सापडण्याचा संभव मोठा असतो. अनुभवी मच्छीमार हे पुरते जाणून असतो आणि गळ नेमका तेथेच सोडतो.

ह्या कुळातील सर्वांत मोठी जात म्हणजे महाकाय हेकरू. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या उष्ण पट्ट्यात तो आढळतो. त्याची लांबी २.७ मीटरपर्यंत आणि वजन ४०० किलोपर्यंत जाते. प्रवाळ आणि खडक यांत राहणाऱ्या अस्थिमत्स्यांत ह्याहून मोठा मासा नाही. एखाद्या भल्या थोरल्या बैलाइतके ज्याचे वजन भरते, तो प्राणी कपारीत निवांत पडून असतो आणि माणूस जवळ आला तरी सहसा पळत नाही. ही निर्भयता आजच्या काळात त्याच्या जिवावर उठली आहे.

हेकरूच्या शरीरधर्मातील एक गोष्ट राजकीय कार्यकर्त्यानेही ध्यानात घेतली पाहिजे, कारण सारा कायदा तिच्यावर येऊन अडतो. बहुतेक हेकरू प्रथम मादी असतात. काही वर्षे अंडी घातल्यानंतर, पुरेसा आकार आला म्हणजे, त्यांतील काही नर बनतात. म्हणजे कोणत्याही खडकावर जे सर्वांत मोठे आणि वयस्क मासे असतात त्यांतच नर असतात. भूमध्य समुद्रातील काळपट हेकरूचा अभ्यास बराच झाला आहे. त्याची मादी पाच वर्षांच्या सुमारास वयात येते, नर होण्यास दहाच्या आसपास वर्षे लागतात आणि मासा पन्नास वर्षांपर्यंत जगू शकतो. आता बाजाराचा न्याय पाहा. बाजार मोठ्या माशाला अधिक भाव देतो. मोठा मासा गेला म्हणजे नर गेला. माद्या उरल्या तरी त्यांच्या अंड्यांना उपयोग राहत नाही. दुसऱ्या बाजूने, खाडीत आणि उथळ पाण्यात वाढणारे कोवळे हेकरू ट्रॉलच्या बारीक आसाच्या जाळ्यात कचऱ्याबरोबर ओढले जातात. वरून बाप मारला जातो आणि खालून लेकरे, अशी दुहेरी कोंडी होते.

आणखी एक गोष्ट. अनेक जातींचे हेकरू वर्षातून ठरावीक महिन्यांत, ठरावीक चांद्रतिथींच्या सुमारास, ठरावीक ठिकाणी शेकडो-हजारोंनी जमतात आणि तेथेच अंडी घालतात. ती जत्रा ज्याला सापडली त्याला एका आठवड्यात वर्षाची कमाई होते, आणि पंचक्रोशीतील वंश एका आठवड्यात बुडू शकतो. ह्या कुळातील १६३ जातींची तपासणी करून २०१३ साली शास्त्रज्ञांनी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात २० जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे म्हटले होते. सुमारे ३० टक्के जातींबद्दल तर मत देण्याइतकीही माहिती हाती नव्हती.

कागदावरचे संरक्षण

आपल्या देशाने ह्या माशासाठी काहीच केले नाही असे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली महाकाय हेकरूचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण तेच ह्या माशाला मिळाले. त्याची शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. कागदावर ह्याहून कडक काय असावे?

परंतु कायदा करणाऱ्यांनी मच्छीमाराच्या होडीत बसून विचार केला असता तर त्यांना एक साधी अडचण दिसली असती. वाघाची शिकार करणारा वाघ मारण्यासाठीच रानात शिरतो. गळ टाकणाऱ्याला पाण्याखाली कोणत्या जातीचा मासा आमिषाला लागणार हे ठाऊक नसते. शिवाय खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढलेल्या हेकरूच्या पोटातील हवेची पिशवी दाब कमी झाल्यामुळे फुगते. तो जिवंत सोडला तरी पुष्कळदा खाली जाऊ शकत नाही आणि पाण्यावर तरंगत राहून मरतो. म्हणजे कायदा पाळण्याची इच्छा असणाऱ्या गरीब मच्छीमारालाही तो पाळणे जड जाते. अशा वेळी गुन्हा अजाणता घडतो आणि भीती मात्र पक्की बसते. भीती बसली म्हणजे माहिती लपविली जाते. मोठा हेकरू कोठे लागतो, किती लागतो, हे मच्छीमार अधिकाऱ्याला का सांगेल? माशाच्या संरक्षणाला जी माहिती सर्वांत अधिक हवी तीच ह्या रीतीने बंद होते.

ह्यावर एक शहाणपणाचे पाऊल महाराष्ट्रात पडले, ते नमूद केले पाहिजे. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्याला सोडून देणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना शासनाने २०१८ च्या अखेरीस सुरू केली. रक्कम मोठी नाही आणि कज्जेदलाली टळली असे म्हणण्याइतकी पद्धत सुलभ नाही. परंतु तिच्यामागचे तत्त्व आपल्या विचाराचे आहे. निसर्ग राखण्याचा लाभ साऱ्या समाजाला होतो, तर त्याचा खर्चही साऱ्या समाजाने उचलावा. तो एकट्या दर्यावर्दी मजुराच्या फाटक्या जाळ्यावर टाकू नये. हे तत्त्व एकदा मान्य केले की पुढची वाट सोपी होते.

मालवणचा अनुभव

सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे बुडालेले खडक मिळून सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या समुद्रपट्ट्याला १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. प्रवाळ, शेवाळ आणि खडकांतील मासे यांच्या दृष्टीने निवड चुकीची नव्हती. हेकरूला हव्या तशा कपारी तेथे आहेत. चुकली ती रीत. ज्या गाबित समाजाच्या आणि इतर मच्छीमारांच्या होड्या त्याच खडकांवर पिढ्यान्पिढ्या जात होत्या, त्यांना विश्वासात घेतले गेले नाही. अभयारण्य म्हणजे आपल्याला समुद्रातून हाकलण्याची तयारी, अशी त्यांची समजूत झाली आणि तेव्हापासून विरोध चालू राहिला. घोषणेनंतरच्या दीर्घ काळात हे अभयारण्य नकाशावर अधिक आणि पाण्यात कमी, असेच राहिले.

आता गंमत अशी की अभयारण्याला विरोध करणारे हेच मच्छीमार त्याच काळात ट्रॉलर आणि पर्ससीन नौकांविरुद्ध झगडत होते. किनाऱ्याजवळच्या ठरावीक खोलीच्या आत ट्रॉल ओढू नये हा नियम अमलात आणा, प्रखर दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करून उपसणे थांबवा, ह्या मागण्यांसाठी मालवण आणि आचऱ्याच्या किनाऱ्यावर वेळोवेळी संघर्ष पेटला. म्हणजे निसर्ग राखण्याची सर्वांत मोठी मागणी ज्यांच्याकडून येत होती, त्यांनाच वन्यजीव खात्याने प्रतिपक्ष समजले. संरक्षणाचा विरोधक कोण आणि पाठीराखा कोण, हे ओळखण्यात शासनाची अशी फसगत झाली.

ह्यातील इतिहासही विसरता येणार नाही. समुद्रावरील मासेमारीचे नियमन करणारे कायदे दिल्लीच्या किंवा मुंबईच्या औदार्यातून आलेले नाहीत. गोव्यातील रांपणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध आंदोलन उभारले, केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर संघर्ष झाले, १९७६ साली केंद्राने मजुमदार समिती नेमली आणि त्यानंतर केरळ, गोवा, महाराष्ट्र ह्या राज्यांनी १९८० आणि १९८१ साली कायदे केले. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवण्याची कल्पना ह्या लढ्यातून आली. हेकरूच्या खडकाचे पहिले रक्षण झाले असेल तर ते वाळूवर उभ्या राहून घोषणा देणाऱ्या त्या माणसांनी केले. त्यांच्यातील कित्येकांना हेकरूचा लिंगबदल ठाऊक नसेल, पण आपला खडक कोण उजाड करीत आहे हे पुरते ठाऊक होते.

तथापि आपल्या बाजूचे म्हणून लहान मच्छीमाराचे सारेच गोड मानणे हाही अप्रामाणिकपणा ठरेल. कोवळा मासा बाजारात आणण्याचा मोह त्यालाही होतो. जेव्हा ट्रॉलर उद्या सारेच ओढून नेणार असे दिसते, तेव्हा आज आपण सोडून दिलेला मासा कोणासाठी सोडला, असा प्रश्न त्याला पडतो आणि तो चूक नाही. संयम ही श्रीमंतांची किंवा संतांची मक्तेदारी नाही. पण आपण राखलेले आपल्यालाच मिळेल ही खात्री नसेल तर कोणताही समाज संयम पाळीत नाही. खात्री हक्कातून येते. म्हणून हक्काचा प्रश्न आधी आणि उपदेश नंतर.

इतरत्र काय घडले

हक्क आणि बंधन यांची सांगड घातली तर हेकरू परत येतो, ह्याचे दाखले जगात आहेत. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यालगत पोर्ट-क्रो हे बेट आहे. तेथे १९६३ साली भोवतालच्या समुद्रासह राष्ट्रीय उद्यान झाले. काळपट हेकरू त्या किनाऱ्यावरून जवळजवळ दिसेनासा झाला होता; श्वास रोखून बुडी मारणारे हौशी शिकारी भाल्याने त्याला टिपीत असत. उद्यानात ही हौशी शिकार बंद करण्यात आली आणि १९९३ पासून फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर भाल्याने हेकरू मारण्यावर बंदी आली. परंतु लहान होड्यांतून पोटासाठी मासेमारी करणाऱ्या व्यावसायिकांना उद्यानाने हाकलले नाही. त्यांच्याशी करार केला, जाळ्यांची आणि जागांची बंधने त्यांच्या संमतीने ठरविली. पुढील दशकांतील गणनांत पोर्ट-क्रोच्या पाण्यात हेकरू शेकड्यांनी मोजले गेले. हौस बंद, पोट चालू, असा तो निवाडा होता. आपल्याकडे बहुधा ह्याच्या उलट होते.

दुसरा दाखला कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांचा. तेथील लिटल केमन बेटाजवळ २००१ साली नासाऊ जातीच्या हेकरूंची मोठी जत्रा सापडली. दोन हंगामांत सुमारे ४,००० मासे मारले गेले. २००३ साली सरकारने अंडी घालण्याच्या जागेवर बंदी घातली. पुढे शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मोजणी केली तेव्हा २०१६ पर्यंत त्या बेटाजवळची संख्या सुमारे तिप्पट झालेली आढळली. बेटाचा सारा समुद्र बंद करावा लागला नाही. एक जागा आणि वर्षातील काही महिने, एवढ्या बंधनाने काम भागले. मात्र ती जागा कोठे आहे हे सांगणारा मच्छीमारच असतो, हे विसरून चालणार नाही.

ह्या दोन्ही दाखल्यांतून निष्कर्ष एकच निघतो. हेकरूला राखावयाचे तर मासा हाती लागल्यानंतर माणसाला तुरुंगात घालून ते साधत नाही; मासा राहतो ती जागा आणि तो अंडी घालतो तो काळ राखला पाहिजे. आणि जागा व काळ राखण्याचे काम तेथे रोज जाणाऱ्यांशिवाय कोणालाही जमणार नाही. सातशे वीस किलोमीटरच्या किनाऱ्यावर मूठभर गस्ती नौका घेऊन कोणतेही खाते प्रत्येक खडकावर पहारा ठेवू शकत नाही.

पांझरेकाठचे उत्तर

येथे खानदेशाचा अनुभव कामी येतो. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम ह्या नद्यांच्या काठी, काही शतके फड पद्धत चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालील जमिनीचे पाडलेले फड, अशी तिची मांडणी. एका फडात साऱ्यांनी एकच पीक घ्यावयाचे आणि फडांनी आळीपाळीने पिके बदलावयाची. पाणी देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, देखरेख करणारा हवालदार हे सारे शेतकऱ्यांनीच नेमावयाचे आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यावयाचा. तंटा पंचांनी मिटवावयाचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सामान्यतः प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाऊस कमी पडला की पंच एखादा फड कोरडा ठेवण्याचे ठरवीत. तूट एकाच्या माथी पडत नसे, ती सर्वांमध्ये विभागली जात असे.

ह्या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणण्याचे कारण नाही. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नव्हता. जागल्याला राखणीचे काम मिळे, पाण्याचा हक्क मिळत नसे. भूमिहीनांचा प्रश्न फडाने सोडविला नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. पुढे नद्यांवर वरच्या बाजूस धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती पाणी असा न्याय आला आणि बहुतेक फड दुबळे झाले. परंतु त्यातील विचार दुबळा झालेला नाही. वापरणाऱ्यांनीच नियम करावयाचे, राखण्याही त्यांनीच नेमावयाचे, टंचाई सर्वांनी वाटून घ्यावयाची आणि ह्या साऱ्याला राजसत्तेने मान्यता द्यावयाची, हा तो विचार.

आता हाच विचार मालवणच्या पाण्यात उतरवून पाहा. खडकांचे फड पाडा. कोणता फड ह्या वर्षी बंद आणि कोणता खुला हे त्या किनाऱ्यावरील मच्छीमार संस्थांच्या पंचांनी ठरवावे. अंडी घालण्याच्या महिन्यांत त्या जागेवर कोणाचाही गळ पडू नये. जागल्या मच्छीमारांतूनच असावा आणि त्याचे वेतन शासनाने द्यावे, कारण राखणीचा लाभ साऱ्या राज्याचा आहे. फडाखालील शेतकऱ्याला जशी आपल्या पाण्याची खात्री होती, तशी ट्रॉलर आत येणार नाही ही खात्री मच्छीमाराला मिळावी. ती देणे हे राज्याचे काम. संयम पाळणे हे मच्छीमाराचे काम. दोन्ही कामे एकमेकांवर अवलंबून आहेत. आणि फडाने जी चूक केली ती येथे टाळावी. ज्याची स्वतःची होडी नाही, जो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून राबतो, आणि जी बाई टोपली घेऊन मासळी विकते, त्यांनाही ह्या पंचांत जागा असावी.

कायद्यात काय हवे

मागण्या नेमक्या असाव्यात, म्हणजे आमदाराला पळवाट राहत नाही. राज्य शासनाने २०२३ साली ५४ सागरी जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासा पकडू नये असा त्याचा अर्थ. कोवळ्या माशासाठी हे योग्यच आहे. परंतु जो मासा मोठा झाल्यावर नर बनतो, त्याच्या बाबतीत केवळ खालची मर्यादा अर्धवट ठरते. हेकरूच्या मोठ्या जातींसाठी वरचीही मर्यादा हवी. ठरावीक आकाराहून मोठा हेकरू लिलावात येऊच नये, आणि जबाबदारी गळ टाकणाऱ्यावर न ठेवता खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यावर, निर्यातदारावर आणि हॉटेलवर ठेवावी. पाण्याखाली जात ओळखता येत नाही हे खरे. पण बर्फावर ठेवलेला चाळीस किलोचा मासा ओळखू आला नाही, असे कोणता व्यापारी म्हणेल?

दुसरी मागणी अशी की, महाकाय हेकरू चुकून गळाला लागल्यास त्याची माहिती देणाऱ्या मच्छीमारावर गुन्हा दाखल होऊ नये, हे नियमात स्पष्ट लिहिले जावे. भरपाईची योजना केवळ जाळ्यापुरती न राहता गळाच्या मासेमारीला आणि बुडालेल्या दिवसाच्या कमाईलाही लागू व्हावी. तिसरी मागणी, मालवणच्या अभयारण्याचे नियम वनखात्याने एकट्याने न करता मच्छीमार संस्थांच्या संमतीने नव्याने करावेत. किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया प्रवाळाचा विस्तीर्ण पठारी उंचवटा आहे. त्याच्या संरक्षणाचा विचार वेळोवेळी झाला आहे. तो बारा मैलांच्या पलीकडे, केंद्राच्या अखत्यारीत येतो. तेथेही मालवणची चूक पुन्हा होऊ नये.

तारकर्ली आणि मालवण येथे पाण्याखाली बुडी मारून मासे दाखविण्याचा व्यवसाय वाढला आहे. जिवंत हेकरू तेथे पुन्हा पुन्हा पैसे मिळवून देतो, मेलेला एकदाच. हे खरे असले तरी तो पैसा कोणाच्या खिशात जातो हे पाहिले पाहिजे. मच्छीमाराला खडकावरून उठवून तेथे बाहेरच्या भांडवलदाराची पर्यटन-नौका उभी राहणार असेल, तर माशाचे रक्षण हा जमीन बळकावण्याचाच एक सभ्य प्रकार ठरेल. पर्यटनाचा परवाना प्रथम स्थानिक मच्छीमार संस्थेला, ही अट त्यासाठी हवी.

खानदेशातील कार्यकर्त्यांनी ह्यात काय करावे? पहिले, आपल्या सोळा आमदारांना वरील मागण्यांचे निवेदन द्यावे आणि सागरी मासेमारीचा विषय सभागृहात येईल तेव्हा ते काय बोलले, कोठे मत दिले, ह्याची नोंद ठेवावी. दुसरे, साक्री आणि धुळे तालुक्यांतील जुन्या फडांचे पाटकरी व पंच, जे अद्याप हयात आहेत, त्यांच्याकडून फडाचे नियम लिहून घ्यावेत. ते ज्ञान माणसांबरोबर जात आहे. तिसरे, त्यांपैकी चार-दोघांची मालवणच्या मच्छीमार संस्थांशी गाठ घालून द्यावी. पाण्याची वाटणी केलेला माणूस आणि माशाची वाटणी करू पाहणारा माणूस एका घोंगडीवर बसले तर जे बोलणे होईल, ते कोणत्याही समितीच्या अहवालाहून उपयोगी ठरेल. चौथे, आपल्याच धरणांतील आणि तलावांतील मासेमारीचे ठेके कोणाला मिळतात, काठावरील भिल्ल आणि भोई कुटुंबांच्या संस्थांना की नाव एकाचे आणि पैसा दुसऱ्याचा अशा ठेकेदारांना, ह्याची गावोगाव चौकशी करावी. समुद्रातील न्यायाची मागणी करणाऱ्याने गिरणेच्या आणि तापीच्या पाण्यातील अन्यायाकडे डोळेझाक करणे शोभणार नाही.

हेकरूला मोठे होण्यास दहा-वीस वर्षे लागतात. निवडणुकीच्या पाच वर्षांत त्याचा हिशेब बसत नाही. म्हणून ह्या कामाला निवडणुकीपलीकडे पाहणारा पक्ष आणि हंगामापलीकडे पाहणारी संघटना हवी. पुढील जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि निवेदनाचा मसुदा तेथेच मंजूर करावा, अशी धुळे व जळगाव येथील शाखांना विनंती आहे.